उद्यानासाठी भांडताना या चुका टाळा

बेळगावात उद्यानाचा वाद बहुतेक वेळा फाटकावरच्या नावापासून सुरू होतो आणि तिथेच अडकतो. पाटी कोणत्या भाषेत, पुतळा कोणाचा, हे प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचे आहेत आणि ते सोडून द्यावेत असे मी म्हणणार नाही. पण त्या गदारोळात जागा किती उरली हे मोजायचे राहून जाते, आणि हीच चूक सर्वांत महागात पडते.

म्हणून भूमिपूजनाचा नारळ फुटण्याआधीच माहितीच्या अधिकारात लेआउटचा, म्हणजे वसाहतीच्या आखणीचा, मंजूर नकाशा मिळवा. त्यात उद्यान आणि ‘सीए साईट’ (सिव्हिक अमेनिटी, म्हणजे नागरी सुविधांसाठी राखलेली जागा) यांतला फरक नीट पाहा, कारण सीए साईटवर शाळा किंवा दवाखाना उभा राहू शकतो, उद्यानाच्या जागेवर नाही. बंगळूरच्या राजमहल विलास विस्तारात उद्यानासाठी राखलेली जागा राज्य सरकारच्या आदेशावरून खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले, उच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. आपल्याकडे हा दाखला फारसा कोणी देत नाही, याची खंत वाटते.

नगरसेवकाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. जमिनीचा वापर बदलण्याची सूचना निघाली की हरकतीसाठी निदान पंधरा दिवस मिळतात. सूचना कानडीत आहे म्हणून ती बाजूला ठेवणे म्हणजे ते दिवस वाया घालवणे. शेजाऱ्याकडून ती वाचून घ्या, हरकत मराठीबरोबर कानडीतही द्या, कानडी शेजाऱ्यांच्याही सह्या घ्या आणि पोचपावतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

आराखडा हे इंजिनिअरचे काम, असे समजणे ही आणखी एक चूक. आमच्या भागातल्या उद्यानात पेव्हर कडुलिंबाच्या बुंध्याला भिडवून बसवले आहेत, पाणी मुरायला वीतभरही माती उरलेली नाही. दुपारी फाटकाला कुलूप असते आणि म्हाताऱ्या बायका बाहेरच्या पायरीवर, उन्हात बसतात. वडगाव-खासबागसारख्या विणकरांच्या वस्तीत कामाची पाळी सुटल्यावर मागावरचा कामगार उद्यानात यायचा, तेव्हा कुलूप असले तर ते उद्यान त्याच्यासाठी नाहीच. कुंपण किती उंच, बाक सावलीत की उन्हात, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे की नाही, यावर तिथे कोण येणार हे ठरते.

तेव्हा निविदा निघण्याआधी एवढे तरी लेखी मागा: बुंध्याभोवती मोकळी माती, दुपारी उघडे फाटक आणि किल्ली कोणाकडे राहणार त्याचे पद.