संस्थेच्या कार्बन कपातीचं प्रमाणपत्र कसं मिळवावं?

अर्ज भरण्याआधी एक गोष्ट पक्की करा: प्रमाणपत्र नेमकं कशाचं हवंय? उत्सर्जन (संस्थेच्या कामामुळे हवेत जाणारे कार्बन डायऑक्साइडसारखे वायू) नीट मोजलं, याचा दाखला वेगळा. ते खरोखर घटलं, याचा वेगळा. उरलेल्या उत्सर्जनापोटी कार्बन क्रेडिट (इतरत्र घटवलेल्या किंवा शोषलेल्या उत्सर्जनाचे विकत मिळणारे दाखले) घेऊन 'कार्बन न्यूट्रल' झालो, याचा आणखी वेगळा. त्यासाठी २०२३ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं १४०६८-१ हे मानक आलं. सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह (कंपन्यांची कपातीची उद्दिष्टं तपासणारी जागतिक संस्था) मान्यता देते ती उद्दिष्टाला, त्यामुळे तो कपातीचा दाखला ठरत नाही. माझं मत विचाराल तर कपातीच्या दाखल्यासाठीच मेहनत घ्या. तो देणाऱ्या योजना निरनिराळ्या आहेत, पण मोजणीचा पाया बहुतेक ठिकाणी आयएसओ १४०६४-१ किंवा जीएचजी प्रोटोकॉल (उत्सर्जन मोजायच्या आंतरराष्ट्रीय पद्धती) हाच असतो.

हद्द आखा. कोणत्या शाखा, गोदामं, गाड्या तुमच्या हिशेबात धरायच्या? ज्यांच्या रोजच्या कारभारावर तुमचं नियंत्रण आहे त्या सगळ्या धरणं, ही सोपी आणि रुळलेली पद्धत. मग उत्सर्जनाचे तीन गट पाडा. स्कोप १ म्हणजे तुम्ही स्वतः जाळलेलं इंधन आणि गळालेले वायू, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज किंवा वाफ-उष्णता, आणि स्कोप ३ मध्ये कच्च्या मालापासून कर्मचाऱ्यांच्या प्रवासापर्यंत बाकी सगळं. स्कोप ३ चे १५ प्रकार आहेत. त्यातले मोठे कोणते ते आधी शोधा. एखादा वगळलात, तर का वगळला ते लिहून ठेवा.

आधारवर्ष निवडा. सगळी कपात याच वर्षाच्या तुलनेत मोजली जाणार, म्हणून इथे घाई नको. कामकाज नेहमीसारखं चाललेलं आणि कागदपत्रं पूर्ण असलेलं वर्ष घ्या. २०२० सारखं टाळेबंदीचं वर्ष धरलंत तर पुढचं प्रत्येक वर्ष वाढीचंच दिसेल. मुद्दाम जास्त उत्सर्जनाचं वर्ष निवडलंत, तर पडताळणी करणारा कारण विचारणारच. पुढे एखादा विभाग विकला किंवा नवा घेतला, तर आधारवर्षाचा आकडाही नव्याने काढावा लागतो. नाहीतर विभाग विकल्यामुळे झालेली घट कपात म्हणून दाखवली जाईल.

मोजा. सूत्र सोपं आहे: वापर गुणिले उत्सर्जन गुणांक (एका एककाच्या वापरामागे किती उत्सर्जन होतं तो आकडा). एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विजेचा गुणांक त्या-त्या देशाच्या ग्रिडचा आणि त्याच वर्षाचा घ्या.

हमखास निसटतो तो एसीचा गॅस. आर-४१०ए या गॅसची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट धरतात. वर्षभरात पाच किलो गॅस गळून पुन्हा भरावा लागला, तर साडेदहा टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपास उत्सर्जन झालं, म्हणजे जवळपास चार हजार लिटर डिझेल जाळल्याइतकं! आणि त्याचा पुरावा असतो देखभालवाल्याच्या सर्व्हिस रिपोर्टवरची 'गॅस भरला' एवढी नोंद. किती किलो भरला, ते त्यावर लिहून घ्यायची सवय आजच लावा.

कपात करा, आणि कशामुळे झाली ते लिहा. गळती थांबवणं, बॉयलर-कॉम्प्रेसर नीट चालवणं, गाड्यांच्या फेऱ्या कमी करणं, अक्षय ऊर्जेकडे वळणं, असे प्रत्येक उपायाचे आधीचे आणि नंतरचे आकडे जपा. एकूण टन आणि प्रति नग उत्सर्जन, दोन्ही दाखवा. उत्पादन अर्ध्यावर आल्यामुळे झालेली घट ही तुमची कामगिरी नाही, आणि तसं अहवालात स्पष्ट म्हणा.

पडताळणी करून घ्या. आयएसओ १४०६५ (पडताळणी करणाऱ्या संस्थांसाठीचं मानक) नुसार अधिमान्यता असलेली संस्था निवडा. ज्या सल्लागाराने हिशेब मांडला त्यानेच तो तपासलेला चालत नाही. आकडे बरोबर असल्याची खात्री तपासनीस दोन पातळ्यांवर देतो; मर्यादित खात्री हवी की वाजवी, हे आधीच ठरवा. वाजवी खात्रीची तपासणी अधिक खोल जाते, खर्चही वाढतो. तपासनीस कोणताही एक आकडा उचलून मूळ बिल मागेल. अहवालातला आकडा, तक्ता, बिल आणि मीटरचं रीडिंग ही साखळी काही मिनिटांत दाखवता आली पाहिजे. त्रुटी निघाल्या तर त्या दुरुस्त करून पुन्हा सादर करता येतात.

प्रमाणपत्र हाती आल्यावर जाहिरातीत त्याची हद्द, आधारवर्ष आणि स्कोप यांचा उल्लेख करा. फक्त स्कोप १ आणि २ तपासले असतील, तर 'आमचं संपूर्ण उत्सर्जन घटलं' असं लिहू नका.