सोलापुरात बसून कृष्णविवरांचं संशोधन कसं सुरू करायचं

आधी तुमचा एक खर्च वाचवते. दुर्बीण विकत घेऊ नका. आकाश बघायचा नाद असेल तर जरूर घ्या, पण दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, कशा घडल्या आणि त्यांच्या पोटातली कृष्णविवरं कशी वाढली याचं संशोधन करायचंय म्हणून घेत असाल, तर ते पैसे बऱ्यापैकी लॅपटॉपला लावा. या विषयातली माणसं दुर्बिणीला डोळा लावून बसत नाहीत. माझी पीएचडी जवळजवळ सगळी कॉम्प्युटरसमोर झाली. आता मी सोलापुरातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते, पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची व्हिजिटिंग असोसिएट आहे, आणि सुट्टी लागली की सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुणं गाठते. सक्रिय दीर्घिका, म्हणजे ज्यांच्या केंद्रातलं कृष्णविवर भोवतालचा वायू गिळतंय त्या, हा माझा विषय. दरवर्षी पोरं विचारतात, मॅडम, ह्यात जायचं कसं? तर हे असं.

सुरुवात प्रश्नापासून करा, परीक्षेपासून नको. सूर्याला आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक फेरी मारायला २० कोटींहून जास्त वर्षं लागतात. तेव्हा एखादी दीर्घिका जन्मापासून म्हातारपणापर्यंत बदलताना कुणालाच बघता येत नाही. हाती असतो तो एका क्षणाचा फोटो. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या, म्हणजे गड्ड्याच्या, गर्दीचा एकच फोटो घेतला तर त्यात कडेवरचं लेकरू असतं, पाळण्यासाठी हट्ट धरलेला पोरगा असतो आणि काठी टेकत देवळाकडे निघालेले आजोबाही असतात. माणूस कसा वाढतो हे त्या एका फोटोवरून जुळवायचं, असं हे काम. त्यात एक सोय आहे: प्रकाशाला यायला वेळ लागतो, म्हणून जितकं लांब बघाल तितकं जुनं दिसतं.

अशा लाखो दीर्घिका मांडल्या की ढोबळ दोन गट पडतात. एक निळसर, ज्यांत अजून तारे जन्मतात. दुसरा लालसर, ज्यांत ते काम जवळपास थांबलंय. थांबलं का? संशयित बरेच आहेत, त्यातलं एक म्हणजे केंद्रातलं महाकाय कृष्णविवर. २००० साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की दीर्घिकेच्या मधल्या फुगवट्यातल्या ताऱ्यांचे वेग जितके जास्त विखुरलेले, तितकं केंद्रातलं कृष्णविवर जड. आणि हे कृष्णविवर असतं फुगवट्याच्या वस्तुमानाच्या साधारण हजारात एक ते पाच भाग. एवढ्याशा वस्तूचा एवढ्या पसाऱ्याशी हिशोब जुळतो कसा? ऊर्जेचं गणित सांगतं की अशक्य काही नाही. हायड्रोजनचा हेलियम होताना वस्तुमानाचा ०.७ टक्के भाग ऊर्जेत बदलतो. कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या वायूतून साधारण १० टक्के सुटतो. त्यातला थोडा वाटा जरी भोवतालच्या वायूला लागला तरी तो वायू तापतो, बाहेर फेकला जातो आणि नव्या ताऱ्यांना कच्चा माल उरत नाही. हे होऊ शकतं, इथवर सगळे मान्य करतात. प्रत्यक्षात कोणत्या दीर्घिकांत, किती प्रमाणात होतं, यावर जगभर भांडणं चालू आहेत. तुम्हाला त्या भांडणात पडायचंय.

पहिला गृहपाठ कागदावर. आकाशगंगेच्या केंद्राजवळ एस२ नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. त्याच्या कक्षेचा अर्धदीर्घ अक्ष (लंबवर्तुळाच्या लांब व्यासाचा अर्धा) पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण १००० पट आहे. अकरावीतला केप्लरचा तिसरा नियम लावा: हजाराचा घन भागिले सोळाचा वर्ग. मध्ये बसलेल्या कृष्णविवराचं वस्तुमान आलं ३९ लाख सूर्यांएवढं. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं ते या भागातल्या ताऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या मोजणीवर. आजचा नेमका आकडा ४३ लाखांच्या आसपास आहे. आपण अक्ष ढोबळ धरला म्हणून थोडं कमी आलं. हौस असेल तर मे महिन्यात रात्री अडीच-पावणेतीनला बार्शी रोडने नान्नजच्या पुढे जा, बरोबर कुणीतरी घेऊन. दक्षिणेला क्षितिजापासून ४३ अंशांवर धनु राशीतली ती जागा येते. लंडनहून ती नऊ-दहा अंशांच्या वर चढत नाही, तेव्हा सोलापूरकर या बाबतीत नशीबवान.

दुसरा गृहपाठ लॅपटॉपवर, आणि यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवा. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे, म्हणजे एसडीएसएस, याने न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीतून लाखो दीर्घिकांचे वर्णपट (स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश आला याचा आलेख) घेतलेत आणि ते कुणालाही फुकट बघता येतात. स्कायसर्व्हर या त्यांच्या साइटवर एखादी दीर्घिका निवडून तिचा वर्णपट उघडा. त्यातल्या उंच टोकांना रेषा म्हणतात; त्यांवर कॉम्प्युटरने नावं छापलेली असतील, तिकडे बघू नका. स्वतः ओळखा. निळसर बाजूला ऑक्सिजनची जोडी शोधा, मूळ तरंगलांबी ४९५९ आणि ५००७ अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग). उजवी रेष डावीच्या तिप्पट उंच असते. हे प्रमाण अणूच्या रचनेनेच ठरलेलं, विश्वात कुठेही तेच. तिप्पट येत नसेल तर तुम्ही भलतीच जोडी धरलीय, नाहीतर वर्णपटात गोंगाट फार आहे. लाल बाजूला हायड्रोजन-अल्फा, ६५६३ ला, आणि तिच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजनच्या ६५४८ आणि ६५८४. आता समजा हायड्रोजन-अल्फा तुम्हाला ७२१९ ला सापडली. ७२१९ भागिले ६५६३, वजा एक: ०.१. हा झाला रेडशिफ्ट: विश्व प्रसरण पावतंय म्हणून वाटेत प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप. ०.१ म्हणजे जो प्रकाश तुम्ही बघताय तो सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी निघालाय.

रेषेची रुंदीही बघा. काही दीर्घिकांत हायड्रोजन-अल्फा टोकदार नसते, पायथ्याशी चांगलीच पसरलेली असते. पसारा तरंगलांबीच्या एक टक्का असेल तर वायूचा वेग प्रकाशाच्या एक टक्का, सेकंदाला ३००० किलोमीटर. साध्या दीर्घिकेतला वायू दोन-तीनशे किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही. माझ्या वर्गातला एक पोरगा हे मोजून म्हणाला, ‘मॅडम, हे लईच जोरात पळतंय की ओ.’ मग एवढ्या जोरात पळवणारं मध्ये काय बसलंय, हा पुढचा प्रश्न त्याने स्वतःच स्वतःला विचारला.

बहुतेक कृष्णविवरं मात्र इतकी उघड सापडत नाहीत, धुळीआड असतात. तिथे बीपीटी आलेख कामाला येतो. बाल्डविन, फिलिप्स आणि टर्लेविच या तिघांनी तो १९८१ साली मांडला. आडव्या अक्षावर नायट्रोजन ६५८४ भागिले हायड्रोजन-अल्फा, उभ्या अक्षावर ऑक्सिजन ५००७ भागिले हायड्रोजन-बीटा (हायड्रोजनचीच, ऑक्सिजनच्या जोडीशेजारची रेष), दोन्हींचा लॉग. तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश वायूला एका मर्यादेपर्यंतच आयनीभूत करतो, म्हणजे त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन उडवतो. कृष्णविवराभोवतीच्या तापलेल्या तबकडीचा प्रकाश त्याहून जहाल, म्हणून तिथे ही दोन्ही गुणोत्तरं वाढतात. शेजारशेजारच्या रेषांचाच भागाकार का? धूळ दोन्हींना जवळपास सारखंच मंद करते आणि भागाकारात ती कटून जाते. ही युक्ती मला अजून आवडते.

एसडीएसएसच्या डेटाबेसमध्ये गॅलस्पेकलाइन नावाचा तक्ता आहे, त्यात या चारही रेषांची मोजमापं तयार मिळतात. एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेच्या पाच-सहा ओळींत दहा हजार दीर्घिका मागवा, गूगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमध्येच, पायथॉनमध्ये आलेख काढा. स्वतःचा लॅपटॉप नसला तरी कॉलेजच्या लॅबमधल्या साध्या कॉम्प्युटरवर हे चालतं. आलेखात दोन फाटे दिसले पाहिजेत: डावीकडे ज्यांत तारे जन्मतायत त्या दीर्घिका, उजवीकडे वर चढत गेलेल्या त्या सक्रिय कृष्णविवरांच्या. मधल्या जागेत सरमिसळ. तिथे गोंधळून जाऊ नका, कारण शोधा. जुन्या एसडीएसएसमध्ये वर्णपट घेणाऱ्या तंतूचा व्यास आकाशात ३ आर्कसेकंद होता (एका अंशात ३६०० आर्कसेकंद). ०.१ रेडशिफ्टला तेवढ्यात सुमारे १८ हजार प्रकाशवर्षं मावतात. म्हणजे केंद्राचा म्हणून आलेल्या प्रकाशात आजूबाजूच्या ताऱ्यांचाही बराच माल असतो.

या टप्प्यावर हमखास कुणीतरी धावत येतं: ‘मॅडम, लांबच्या दीर्घिका जास्त तेजस्वी आहेत, म्हणजे पूर्वी दीर्घिका मोठ्या होत्या!’ असं नसतं. एसडीएसएसच्या मुख्य नमुन्यात १७.७७ प्रतीपेक्षा (मॅग्निट्यूड, तेजस्वितेचं माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) मंद दीर्घिका घेतलेल्याच नाहीत. लांबच्या मंद दीर्घिका यादीत नाहीत, म्हणून उरलेल्या तेजस्वी दिसतात. आलेख काढला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: यात कोण आलंच नाही? माझ्या मते नवख्यात आणि संशोधकात फरक असतो तो बराचसा इथे. गणित काय, शिकता येतं.

आता शिक्षणाचं, थोडक्यात. बारावीनंतर आयसर आणि नायसर या विज्ञानशिक्षणाच्या केंद्रीय संस्थांच्या प्रवेशपरीक्षा द्या: आयसरची आयएटी किंवा नायसरची नेस्ट. नाही जमलं तर सोलापुरात बीएस्सी फिजिक्स करा, काही बिघडत नाही. गणित आणि संख्याशास्त्र सोडू नका. बीएस्सी-एमएस्सीच्या सुट्ट्यांत आयुका आणि एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेच्या उन्हाळी कार्यक्रमांना अर्ज करा. दोन्ही संस्था पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात. आयुका १९८८ मध्ये जयंत नारळीकरांनी उभी केली तीच मुळी विद्यापीठांतल्या लोकांसाठी, तेव्हा संकोच करू नका. पीएचडीसाठी जेस्ट, नेट, गेट या देशपातळीवरच्या परीक्षा आणि संस्थांच्या स्वतःच्या परीक्षा. त्या वर्षीची जाहिरात संस्थेच्या साइटवरच वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली नको.

पालकांचा प्रश्न ठरलेला: ‘पोरगी ब्लॅक होल शिकते म्हणती, पण नोकरी कुठं लागंल ओ?’ हा प्रश्न रास्त आहे, त्याला हसू नका. पीएचडी करतानाच्या शिष्यवृत्तीत, म्हणजे जेआरएफला, २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरत्या संशोधनाच्या जागा, बहुधा एकाहून जास्त, बहुधा परदेशात; परदेशातल्या जागांचे अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि रुजू व्हायचं पुढच्या सप्टेंबरच्या सुमारास. कायमची जागा मिळेपर्यंत वय पस्तिशीकडे जातं. लग्न, आईवडिलांचं आजारपण, घराचं कर्ज, सगळं याच काळात येतं. घरी हे आधीच सांगा. आणि बरेच जण मध्येच डेटा सायन्सकडे वळतात, ते काही हरलेले नसतात.

पेपर वाचायचं म्हटलं की मराठी माध्यमातली मुलं घाबरतात. आर्काइव्ह (arXiv) या पेपरांच्या साइटवर दीर्घिकांचा वेगळा विभाग आहे, रोज नवीन पेपर येतात, फुकट. आठवड्याला एकच घ्या. सारांश वाचा, मग मजकूर सोडून थेट आकृत्यांकडे जा. प्रत्येक आकृतीचे अक्ष वहीत लिहून काढा आणि ठिपके असे का पसरलेत ते स्वतःच्या शब्दांत दोन ओळींत मांडा. मग मजकूर वाचा. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. कृष्णविवरांतून निघणारे रेडिओ झोत तिथून दिसतात आणि जुनी निरीक्षणंही मागवता येतात. त्यावरचे पेपर आधी घ्या, कारण लिहिणारी माणसं चार-पाच तासांच्या अंतरावर असतात आणि नीट विचारलं तर उत्तर देतात.

नीट विचारणं म्हणजे काय? ‘मला ब्लॅक होलमध्ये खूप इंटरेस्ट आहे, प्लीज गाइड’ असं लिहू नका. असे मेल रोज येतात. तुमचा बीपीटी आलेख जोडा. कोणत्या दीर्घिका घेतल्या, कोणत्या गाळल्या आणि का, हे तीन ओळींत सांगा. त्या आलेखाच्या दोन्ही अक्षांवर एकक का लिहिलेलं नाही, तेही कळलेलं असू द्या, कारण पहिल्या भेटीत मी तेच विचारणार आहे.