पॉइंट टू-टू रायफल झिरो करताना आधी ग्रुप बघा, क्लिक नंतर

एअर रायफलवरून .22 कडे आलेली बरीच मुलं रेंजवर पहिली गोळी मारतात, ती टार्गेटच्या आठच्या रिंगमध्ये डावीकडे गेली की लगेच साइटचा नॉब फिरवतात, दुसरी उजवीकडे जाते, परत नॉब, आणि अख्खा डबा संपला तरी रायफल झिरो होत नाही, म्हणजे जिथे रोखली तिथे गोळी लागेल अशी साइट बसत नाही. एका गोळीवर साइट हलवायची नाही, एवढं एक पाळलं तरी निम्मं काम होतं. एका गोळीत तुमची चूक, वारा, काडतुसातला फरक सगळंच मिसळलेलं असतं, पाच गोळ्यांच्या ग्रुपचा, म्हणजे कागदावरच्या छिद्रांच्या पुंजक्याचा, मध्य मात्र खरं सांगतो. एनसीसीत आधी ग्रुपिंग फायर करून घेतात ते याचसाठी.

घरून निघण्यापूर्वी किंवा रेंजवर लोड करायच्या आधी बोल्ट उघडा, चेंबर रिकामं आहे ते बघा आणि सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं आहे हे दाखवणारी पट्टी) लावून ठेवा. मग स्क्रू बघा. स्टॉकला ॲक्शन धरून ठेवणारे स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवर आहेत का, बॅकसाइट (डोळ्याजवळची) रेलवर हलत तर नाही ना, फोरसाइटचा (नळीच्या टोकाकडची) टनेल घट्ट आहे का. यातलं काही सैल असेल तर दिवसभर क्लिक, म्हणजे नॉबचे टप्पे, मोजूनही उपयोग नाही. बॅरल नुकतीच साफ केली असेल तर सुरुवातीच्या काही गोळ्या धरूच नका. .22 ची शिशाची गोळी बाहेरून मेण किंवा ग्रीस लावलेली असते, त्याचा थर आत बसेपर्यंत गोळ्या इकडेतिकडे जातात, ब्रँड बदलला की हेच परत होतं.

आता पोझिशन. पहिलं झिरो प्रोनमध्ये (पोटावर झोपून) स्लिंग, म्हणजे हाताला अडकवायचा पट्टा, लावून किंवा सॅंडबॅगवर करा. टार्गेटवर रायफल लावा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. फोरसाइटची रिंग टार्गेटच्या काळ्या गोलावरून सरकली असेल तर हाताने ओढून आणायची नाही, डावा कोपर तिथेच ठेवून अख्खं शरीर फिरवायचं. हे न करता मारलेला ग्रुप म्हणजे तुमच्या स्नायूंच्या ताणाचा ग्रुप, रायफलचा नाही. गाल दर वेळी चीकपीसवर त्याच जागी, आणि रायफल तिरकी नको, कारण उजवीकडे कलली की गोळी उजवीकडे आणि खाली जाते आणि तुम्हाला वाटतं साइट बिघडली.

साइटर (गुणात न धरल्या जाणाऱ्या, साइट लावायच्या गोळ्या) सुरू झाले की पाच गोळ्या मारा, नॉबला हात न लावता. दर गोळीला खटका सुटला त्या क्षणी रिंग कुठे होती ते स्वतःशी बोला आणि मग मॉनिटर किंवा स्पॉटिंग स्कोप बघा. जी वाईट सुटली हे तुम्हाला आधीच कळलं होतं ती हिशोबातून काढा. पहिली गोळी कागदावरच नसेल तर मोठा कोरा कागद लावा किंवा रेंज ऑफिसरला विचारून टार्गेट जवळ घ्या, अंदाजाने क्लिक मारत बसू नका.

50 मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग 10.4 मिमीची आणि पुढची प्रत्येक रिंग 8 मिमी रुंद, त्यामुळे अंतर काढणं सोपं आहे. समजा तुमच्या साइटचा एक क्लिक 50 मीटरवर अडीच मिमी आहे आणि ग्रुपचा मध्य 17 मिमी डावीकडे, 10 मिमी खाली आहे. मग 7 क्लिक उजवीकडे, 4 वर. गोळी जिकडे न्यायची तिकडे बॅकसाइट सरकते, एवढं लक्षात ठेवा. पण नॉबवरच्या अक्षरांवर डोळे झाकून विश्वास नको, काही जर्मन साइटवर अक्षर म्हणजे गोळी जिकडे चुकलीय ती बाजू असते, म्हणजे गोळी उजवीकडे जात असेल तर उजवीच्या खुणेकडे फिरवायचं. नवीन साइट असेल तर 10 क्लिक एका बाजूला फिरवून ग्रुप किती आणि कुठे सरकतो ते मोजा, क्लिकची खरी किंमतही कळते. बदल केला की परत पाच गोळ्या, मग लागला तर एखादा क्लिक.

वाऱ्याचं मात्र नीट समजून घ्या, इथे बहुतेक जण फसतात. दहा मीटरच्या हॉलमध्ये हा प्रश्नच नसतो. .22 ची 40 ग्रेन वजनाची मॅच गोळी सेकंदाला साधारण 330 मीटरने निघते आणि हलक्या वाऱ्यालाही सरकते. बॅरलचे आटे (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा) उजवे असतील तर उजवीकडून आलेला वारा गोळीला डावीकडे आणि थोडं वर नेतो, डावीकडचा वारा उजवीकडे आणि थोडं खाली. म्हणून झिरो शक्यतो सकाळी, वारा दाखवणारे झेंडे पडलेले असताना करा आणि तोच तुमचा मूळ झिरो. दुपारी वारा सुटल्यावर नवीन झिरो करायला गेलात तर तुम्ही वाऱ्याचा झिरो कराल. एकाच बाजूने सलग वाहतोय तर क्लिक द्या, झुळका बदलतायत तर थांबा आणि झेंडा तुम्ही क्लिक दिले तेव्हासारखा परत आला की मारा.

ॲमोचा (काडतुसांचा) लॉट, म्हणजे कारखान्यातली खेप, बदलला की झिरो परत तपासायचा, ब्रँड तोच असला तरी. काडतुसं उन्हात ठेवू नका, तापली की वेग बदलतो आणि ग्रुप वरखाली ताणतो. गोळी फुटली नाही तर बोल्ट लगेच ओढू नका, नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा आणि हात वर करून ऑफिसरला बोलवा.

थ्री पोझिशन मारणार असाल तर नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन, स्टँडिंग (उभं राहून) तिन्हीचे झिरो वेगळे निघतात, कारण रायफल खांद्यावर वेगळी बसते आणि डोकं वेगळ्या उंचीवर येतं. स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये याच इव्हेंटला ब्राँझ आणलं. पोझिशन बदलताना साइटर असतात पण घड्याळ चालूच असतं, तिथे सगळं नव्याने शोधत बसायला वेळ नाही. त्यामुळे वहीत प्रत्येक पोझिशनचे क्लिक प्रोनच्या झिरोपासून मोजून लिहा, म्हणजे नीलिंग 3 वर, 2 डावीकडे असं, सोबत तारीख, लॉट नंबर, उजेड, वारा आणि फोरसाइटला कितीची रिंग होती तेही.