एसएफपी बाद ठरवण्याआधी

स्विचवरची फायबरची लिंक येत नाही म्हटलं की पहिला आळ एसएफपीवर येतो, म्हणजे पोर्टात बसणाऱ्या, विजेचे संकेत प्रकाशात आणि प्रकाशाचे विजेत बदलणाऱ्या छोट्या मॉड्यूलवर. ती काढतात, दुसरी लावतात, लिंक येते आणि जुनी 'बाद' म्हणून खोक्यात जाते. त्या खोक्यातल्या एसएफपी मी वेळ मिळेल तशा तपासायला घेते आणि त्यातल्या कितीतरी धडधाकट निघतात. कारण साधं आहे. मॉड्यूल बदलताना फायबरही निघतं आणि पुन्हा बसतं. कनेक्टर या वेळी नीट रुततो किंवा टोकावरची धूळ जरा सरकते, आणि श्रेय नव्या मॉड्यूलला मिळतं. चांगला माल असा भंगारात गेलेला मला बघवत नाही, म्हणून नव्या सहकाऱ्यांना जे सांगते ते इथे लिहितेय.

आधी लेबल वाचा. पोर्टात बसली म्हणजे चालणार, असं नसतं. एक गिगाची (सेकंदाला एक गिगाबिट वेगाची) एसएफपी, दहा गिगाची एसएफपी प्लस आणि पंचवीस गिगाची एसएफपी २८ या तिघींचा साचा एकच आहे. दहा गिगाची एक गिगाच्या पोर्टात छान बसते आणि मुकी राहते. उलटं, एक गिगाची दहाच्या पोर्टात बऱ्याच स्विचवर चालते, पण कधीकधी स्पीड हाताने बांधून द्यावा लागतो. क्यूएसएफपी आकाराने मोठी, आत चार लेन (डेटाच्या समांतर वाटा), त्यामुळे तिथे निदान हा घोळ होत नाही.

मग अंतर आणि तरंगलांबी. दहा गिगात एसआर म्हणजे ८५० नॅनोमीटर, मल्टिमोड (जाड गाभ्याचं) फायबर, त्याच्या ओएम३ या प्रतीवर ३०० मीटर आणि ओएम४ वर ४०० मीटर. एलआर म्हणजे १३१० नॅनोमीटर, सिंगलमोड (बारीक गाभ्याचं) फायबर, १० किलोमीटर. ईआर म्हणजे १५५० नॅनोमीटर, ४० किलोमीटर. सिंगलमोडची पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली फायबर केबल) बहुधा पिवळी असते, ओएम३ची फिकट निळसर हिरवी, जुन्या मल्टिमोडची नारिंगी. पण रंगावर विसंबू नका, केबलच्या अंगावर छापलेलं वाचा. दोन्ही टोकांना एकाच जातीचं मॉड्यूल हवं. अपवाद बायडायचा: एकाच धाग्यावरून येणं-जाणं होतं, म्हणून एका टोकाची १२७० वर पाठवते आणि १३३० वर ऐकते, दुसऱ्या टोकाची बरोबर उलट. बायडायच्या दोन एकसारख्या मागवल्या तर त्या एकमेकींशी कधीच बोलणार नाहीत.

हिरव्या कनेक्टरबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हिरवा म्हणजे एपीसी, त्याचं टोक आठ अंशात तिरपं घासलेलं असतं. एसएफपीचं तोंड निळ्या, म्हणजे सरळ घासलेल्या यूपीसी कनेक्टरसाठी असतं. हिरवा त्यात जातो, पण मध्ये फट राहते, प्रकाश वाया जातो आणि टोकालाही इजा होऊ शकते.

हाताळणीचं थोडक्यात. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा, मॉड्यूल कडांनी धरा, मागच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. लॅच (मॉड्यूलची कडी) बंद ठेवून आत सरकवा, 'टक' असा आवाज आला पाहिजे. एकावर एक दोन रांगा असलेल्या स्विचवर खालची रांग बहुतेकदा उलटी असते. हलक्या हाताने जात नसेल तर मॉड्यूल फिरवून बघा, रेटू नका. काढताना आधी फायबर, मग लॅच खाली, मग मॉड्यूल. केबलला धरून ओढणाऱ्यांना मी तिथल्या तिथे थांबवते.

आता सफाई. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव यातच आहे. सिंगलमोड फायबरचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. डोळ्याला न दिसणारा धुळीचा एक कण त्यावर बसला की वाट अडते. पाकिटातून नुकतीच काढलेली पॅचकॉर्ड स्वच्छ असते हा समज सोडून द्या, डस्ट कॅपच्या आतूनच कण लागतात. क्रम असा ठेवा: स्कोपखाली (फायबरचं टोक बघायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) बघा, घाण असेल तर पुसा, पुन्हा बघा, मगच जोडा. पुसायला क्लिक करायचा क्लीनर, एलसी या छोट्या कनेक्टरसाठी सव्वा मिलिमीटरच्या टोकाचा. तोच मॉड्यूलच्या तोंडातही चालतो. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे तुषार बसतात. शर्टाच्या टोकाने पुसलं तर तेल आणि धागे दोन्ही लागतात. आणि नेहमी दोन्ही बाजू पुसा. फक्त पॅचकॉर्ड पुसून घाणेरड्या मॉड्यूलमध्ये घातली तर तिथली घाण ताज्या टोकावर ठसा उमटवते.

स्कोपखाली स्वच्छ टोक म्हणजे एकसारखी राखाडी चकती आणि मधोमध बारीक वर्तुळ. काळे ठिपके म्हणजे कोरडी धूळ. ढगाळ, कडेला लाटांसारखं दिसलं तर बोटाचं तेल. गाभ्यावरून आरपार गेलेली रेघ म्हणजे ओरखडा, तो पुसून जाणार नाही, ती पॅचकॉर्ड बदला. कॅमेरा नसलेला, थेट डोळा लावायचा स्कोप असेल तर पलीकडून प्रकाश बंद आहे ना हे आधी खात्रीने बघा. हा प्रकाश अवरक्त, डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटायची प्रतिक्रियाही होत नाही.

यानंतर आकडे. बहुतेक मॉड्यूल आपलं तापमान, लेझरचा करंट, पाठवलेला आणि मिळालेला प्रकाश स्विचला सांगतात. लिनक्स मशीनवर एथटूल या कमांडला 'मायनस एम' देऊन हेच दिसतं. एकक डीबीएम. शून्य म्हणजे एक मिलिवॉट, उणे तीन म्हणजे साधारण निम्मा, उणे दहा म्हणजे दहावा हिस्सा. दहा गिगाच्या एलआरने उणे ८.२ ते अधिक ०.५ मध्ये पाठवावं आणि मिळालेला प्रकाश उणे १४.४ च्या खाली जाऊ नये. म्हणजे अगदी कमी ताकदीच्या मॉड्यूललाही वाटेत ६.२ डीबी (दोन डीबीएम आकड्यांतला फरक) घालवायची मुभा आहे. १३१० वर फायबर दर किलोमीटरला साधारण ०.३५ डीबी खातं, प्रत्येक जोड आणखी ०.३ ते ०.५.

एका लिंकचं सांगते. अंतर जेमतेम दोनशे मीटर, दोन्ही टोकांना एलआर, दिवा हिरवा, तक्रार कुणाचीच नाही. दोन्ही टोकांचे आकडे शेजारी मांडले. दोन्हीकडून जवळपास उणे दोनने पाठवणं चालू होतं. एका दिशेला उणे तीन मिळत होतं, दुसऱ्या दिशेला उणे अकरा. इतक्या अंतरात फायबर स्वतः ०.१ डीबीसुद्धा खात नाही, मग नऊ डीबी गेले कुठे? पॅच पॅनेलवरचा त्या दिशेचा कनेक्टर काढून स्कोपखाली धरला तर गाभ्यावर तेलाचा ढग. दोन क्लिकमध्ये तो साफ झाला आणि आकडा उणे साडेतीनच्या आसपास आला. लिंक त्याआधीही चालूच होती. आणखी चार डीबी गेले असते की ती मध्येच पडू लागली असती, आणि तेव्हा ठपका मॉड्यूलवरच बसला असता.

हे आकडे अचूक मापासाठी नसतात. मानकातच तीन डीबी इकडेतिकडे मान्य आहे. म्हणून लिंक उभी केली त्या दिवशीचे दोन्ही टोकांचे आकडे लिहून ठेवा. पुढे उपयोग होतो तो त्यांच्याशी पडलेल्या फरकाचा.

मिळालेला प्रकाश उणे चाळीस दिसला तर प्रकाश येतच नाहीये. पलीकडची पाठवतेय का ते बघा. पाठवत असेल तर फायबर तुटलंय किंवा दोन धाग्यांची अदलाबदल झालीय. धागे एकाच टोकाला उलटवा, दोन्हीकडे उलटवले तर जैसे थे.

प्रकाश जास्त झाला तरी त्रासच. ईआर अधिक ४ पर्यंत पाठवू शकते आणि तिला उणे १ पेक्षा जास्त सोसत नाही. लांब पल्ल्याच्या दोन मॉड्यूलना टेबलावर आखूड पॅचकॉर्डने जोडून चाचणी घ्यायची असेल तर मध्ये प्रकाश कमी करणारा अटेन्युएटर लावा, नाहीतर घेणारा डायोड खराब व्हायचा. एलआर किंवा एसआरला ही भीती नाही. तिथे त्याच मॉड्यूलच्या पाठवणाऱ्या तोंडातून घेणाऱ्या तोंडात एक योग्य जातीची पॅचकॉर्ड वळवा, म्हणजेच लूप लावा. लिंक आली तर बहुधा मॉड्यूल आणि पोर्ट ठीक आहेत, दोष पुढे शोधा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने लाईट येतोय का बघणारे भेटतात. ८५० कधीकधी दिसतो, पण १३१० त्या सेन्सरला दिसतच नाही. कॅमेऱ्यात अंधार दिसला म्हणून एलआर बाद ठरवू नका.

दोन ठिकाणी प्रकाश उत्तम असतो आणि तरी लिंक नसते. पहिलं, स्विच मॉड्यूलच्या मेमरीतलं उत्पादकाचं नाव वाचतो आणि ओळखीचं नसेल तर पोर्ट बंद करतो. लॉग उघडलात तर ते स्पष्ट लिहिलेलं असतं. दुसरं, पंचवीस आणि शंभर गिगावर एफईसी (वाटेतल्या चुका आपोआप दुरुस्त करायची पद्धत) दोन्ही टोकांना जुळावी लागते. शंभर गिगाच्या एसआर४ ला ती लागतेच, एलआर४ ला लागत नाही.

एवढं करूनही पाठवलेला प्रकाश ढासळलेलाच असेल आणि लेझरचा करंट जुन्या नोंदीपेक्षा बराच चढलेला असेल, तर लेझर थकलाय. ती एसएफपी खुशाल काढा. तोंडाला टोपी लावा आणि खोक्यात टाकण्याआधी तिला चिठ्ठी चिकटवा: सीरियल नंबर, कोणत्या पोर्टात होती, शेवटचे आकडे, आणि लूप लावून बघितलं होतं की नाही.