हिमालयातला पांगर कसा ओळखावा

मे महिन्याच्या सुट्टीत कुमाऊं-गढवालला गेलात आणि वाटाड्याने एका झाडाकडे बोट दाखवून ‘ये पांगर है’ म्हटलं, तर लाल फुलं शोधू नका. आपल्या सह्याद्रीतल्या पांगाऱ्याशी या झाडाचं नावापलीकडे काही नातं नाही. पांगारा शेंगांच्या कुळातला, तर पांगर रिठ्याच्या. हिमाचलात याला खनोर म्हणतात, काश्मीरमध्ये हानदून. शास्त्रीय नाव एस्क्युलस इंडिका.

आधी जागा बघा. साधारण १,००० ते ३,००० मीटर उंचीवरच्या दऱ्या हे त्याचं घर. उघड्या, कोरड्या उतारावर तो क्वचितच दिसतो. ओलसर, सावलीची बाजू आणि खोल माती त्याला मानवते, म्हणून गधेऱ्याच्या, म्हणजे डोंगरी ओढ्याच्या काठाने चालत गेलात तर तो भेटण्याची शक्यता जास्त.

आता पान. नवख्या माणसाने फुलांच्या मागे न लागता इथूनच सुरुवात करावी असं मी आवर्जून सांगेन, कारण फुलं काही आठवडेच असतात आणि पानं शरद ऋतूपर्यंत टिकतात. पंजाची बोटं फाकावीत तशा एका देठाच्या टोकाला ५ ते ९, बहुधा ७ पर्णिका असतात. मधली सर्वांत लांब, कडेच्या लहान. काटेसावरीचं पानही असंच दिसतं, आणि हिमालयाच्या पायथ्याकडच्या दऱ्यांत काटेसावरही असते. त्यामुळे फक्त पंजा पाहून निर्णय देऊ नका. फांदीवर पानं कशी लागली आहेत ते पाहा. काटेसावरीची पानं एकाआड एक असतात. पांगराची समोरासमोर, आणि पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात. शिवाय पांगराच्या पर्णिकांची कड बारीक दातेरी असते, सावरीची सरळ. अक्रोडाशी गल्लत होण्याचं तर कारणच नाही: त्याच्या पर्णिका कडुनिंबासारख्या एका दांड्यावर ओळीने असतात.

एप्रिल ते जूनमध्ये गेलात तर काम सोपं. फांद्यांच्या टोकांना उभे, शुभ्र तुरे दिसतात. दुरून दीपमाळेवर पणत्या लावल्यासारखं वाटतं. जवळून एकेक फूल पाहाच: चार पाकळ्या, बाहेर डोकावणारे लांब पुंकेसर, आणि पाकळ्यांच्या तळाशी पिवळा किंवा गुलाबी-लाल डाग. एकाच तुऱ्यात दोन्ही रंगांचे डाग असलेली फुलं सापडतात. मधमाश्यांची गुणगुण बऱ्याचदा झाड दिसण्याआधीच ऐकू येते.

जुन्या झाडाचं खोडही ओळख देतं. साल लांब, अरुंद पट्ट्यांनी सुटते आणि ते पट्टे खोडावर लोंबत राहतात.

शरद ऋतूत झाडाखाली फळं पडलेली असतात. खडबडीत तपकिरी कवच, आत पॉलिश केलेल्या लाकडासारखी चकचकीत, गडद बी आणि तिच्यावर एक फिकट गोल ठसा. ही बी चेस्टनट समजून तोंडात टाकू नका! कच्ची बी कडू आणि विषारी असते. रिठ्यासारखी फेसाळणारी सॅपोनिनं तिच्यात असतात. पहाडी घरांत तिचे तुकडे पाण्यात भिजवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून कडवटपणा काढतात आणि मगच पीठ करतात. ते कौशल्य पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, आपण घरी करून पाहायचा प्रयोग नव्हे. खाण्याच्या चेस्टनटचं कवच तीक्ष्ण काट्यांनी भरलेलं असतं, पांगराच्या कवचाला काटे नसतात.

मात्र बागेत लावलेलं झाड असेल तर जरा थांबा. तिथे त्याचा युरोपीय भाऊ असू शकतो. त्याच्या फळावर काटे असतात. फळं नसतील तर पर्णिका जिथे मुख्य देठाला मिळतात ती जागा निरखा. पांगराच्या प्रत्येक पर्णिकेला स्वतःचा छोटा देठ दिसतो, तर युरोपीय झाडाच्या पर्णिका देठाशिवाय थेट चिकटलेल्या असतात.

आणि हिवाळ्यात, पानं गळून गेल्यावर? फांदीच्या टोकाची फुगीर कळी बोटाने हलकेच दाबा, ती चिकट लागेल. तिच्या खाली गळलेल्या पानाचा वण असतो, घोड्याच्या नालेसारखा.