टेकडीवर कुत्र्याला फिरवताना: सर्वांच्या जागेत जबाबदारीने कसे वागावे

पुण्यातील वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई किंवा पाषाणची टेकडी येथे पहाटेपासून जी वर्दळ सुरू होते, तिच्यात चालणारे, धावणारे, पक्षी पाहणारे, शेळ्या-मेंढ्या चारणारे आणि आपापले कुत्रे घेऊन आलेले असे सगळेच असतात. त्यांच्याखेरीज मोर, ससे, मुंगूस, टिटव्या आणि तित्तर हेही तेथे राहतात, आणि त्यांना टेकडी सोडून जायला दुसरी जागा नाही. ‘आमचा काही करत नाही हो’ हे वाक्य कुत्रा पाळणाऱ्याच्या तोंडी सहज येते आणि बहुधा ते खरेही असते. परंतु त्या वाक्याने समोरच्या माणसाला वाटणारी भीती जात नाही, की अंड्यांवरून उडून गेलेला पक्षी परत येत नाही. म्हणून आपला कुत्रा कसा आहे यावर न थांबता, त्याच्यामुळे इतरांचे काय होते यावरून फिरण्याची पद्धत ठरवावी.

निघण्यापूर्वी

प्रथम जागेचा नियम पाहावा. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये येथे पाळीव कुत्रा नेऊ नये. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही तो नेता येत नाही. शहरातील काही उद्यानांतही मनाई असते, तेव्हा प्रवेशद्वारावरील फलक वाचावा. पुण्याच्या टेकड्यांचा बराच भाग वनविभागाच्या ताब्यात आहे, हेही ध्यानात ठेवावे.

त्यानंतर लसीकरण. रेबीजची लस पशुवैद्याच्या सल्ल्यानुसार नियमित द्यावी आणि डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस यांची संयुक्त लसही चुकवू नये. यात आपल्या कुत्र्याइतकाच वन्य प्राण्यांचा प्रश्न आहे: २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांतील काहींना कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर विषाणूची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले होते. महापालिकेचा परवाना काढावा आणि गळपट्ट्यावर आपला फोन क्रमांक असलेला बिल्ला लावावा.

पट्टा

साधारण दीड ते दोन मीटर लांबीचा, न ताणला जाणारा पट्टा वापरावा. लांबत जाणारे पट्टे मोकळ्या मैदानात सोयीचे वाटतात. अरुंद पायवाटेवर मात्र कुत्रा पुढच्या वळणावर कोणाच्या पायात जातो हे आपल्याला कळतच नाही. ओढणाऱ्या कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस घालावा.

बोलावल्यावर परत येणारा कुत्राही टेकडीवर मोकळा सोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. टिटवी, तित्तर, रातवा हे पक्षी उघड्या जमिनीवर किंवा गवतात घरटे करतात. माळावरच्या टिटवीची अंडी खड्यांमध्ये इतकी मिसळून जातात की शेजारून जाणाऱ्या माणसालाही ती दिसत नाहीत, आणि उन्हाळ्यात पक्षी घरट्यावरून उठवला गेला की काही वेळातच अंडी तापतात. कुत्र्याने काहीही तोंडात न धरता, केवळ हुंगत फिरल्यानेही हे नुकसान होते. त्यामुळे मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत मळलेली वाट अजिबात सोडू नये. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर घरटे किंवा पिल्ले जवळच आहेत असे समजून आल्या वाटेने मागे फिरावे.

जेथे बिबट्याचा वावर आहे, उदाहरणार्थ जुन्नर, आंबेगाव किंवा मुंबईतील आरे, तेथे अंधार असताना कुत्र्याला फिरवू नये. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराच्या अभ्यासात त्यांच्या भक्ष्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच असल्याचे आढळले होते.

समोरून कोणी आल्यास

कुत्र्याला पट्टा आखूड करून आपल्या एका बाजूला घ्यावे, वाटेच्या कडेला थांबावे आणि समोरच्याला आधी जाऊ द्यावे. लहान मूल हात लावायला धावले, तरी त्याच्या पालकांची परवानगी आणि आपल्या कुत्र्याची मनःस्थिती, दोन्ही पाहूनच होकार द्यावा. मेंढ्यांचा कळप दिसल्यास बरेच दूर थांबावे, कारण कळपाबरोबरचा कुत्रा आपले काम करत असतो. तेथील भटके कुत्रे जवळ आले तर पळू नये, दगड मारू नये; पट्टा आखूड ठेवून शांतपणे त्यांच्या हद्दीबाहेर चालत जावे.

विष्ठा उचलणे

हे काम सर्वाधिक टाळले जाते, म्हणून त्याची कारणे सविस्तर सांगतो. कुत्र्याच्या विष्ठेतून पडणारी टॉक्सोकारा या गोलकृमीची अंडी मातीत साधारण दोन ते चार आठवड्यांनी संसर्गक्षम होतात आणि पुढे कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे, टिकतात. याचा अर्थ ताजी विष्ठा लगेच उचलल्यास धोका जवळजवळ टळतो, आणि मातीत खेळणारी मुले वाचतात. ‘खतच होते की’ हा युक्तिवादही टिकत नाही. बेल्जियममधील गेंट शहराजवळच्या निसर्गक्षेत्रांत झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांच्या मलमूत्रातून दर हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस जमिनीत जात होता. आपल्या माळांवरचे गवत आणि रानफुले पातळ, निकस मातीत वाढणारी आहेत. तेथे असे खत तणांच्याच पथ्यावर पडते.

पिशवी किंवा जाड वर्तमानपत्र नेहमी दोन जास्तीचे ठेवावे. उचललेली पिशवी झुडपात फेकणे हे न उचलण्यापेक्षा वाईट आहे, कारण प्लास्टिकही तेथेच राहते. टेकडीवर कचरापेटी नसेल तर भरलेली पिशवी खाली घेऊन यावी.

चावा घेतल्यास

जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. मालकाने आपला फोन क्रमांक व लसीकरणाची नोंद स्वतःहून द्यावी आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

घरी परतल्यावर

कान, काखा आणि बोटांच्या मधल्या जागा तपासून गोचीड काढावेत, कारण गोचीड तापाची लागण त्यांच्यामुळेच होते. पावसाळ्यानंतर गवत वाळले की कुसळे केसांत अडकतात. त्यांची रचना अशी असते की ती त्वचेत शिरल्यावर पुढेच सरकतात. कुत्रा सतत पंजा चाटत असेल किंवा डोके एका बाजूला झटकत असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे.