भाषा मॉडेलला अवघड हिशेब विचारताना या चुका टाळा

तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात बेदाणा शेडवरून उतरला की घरोघरी एकच प्रश्न असतो: माल आज सौद्याला न्यायचा की शीतगृहात ठेवून भाव वाढण्याची वाट पाहायची? हा प्रश्न आता एआयलाही, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला लिहून उत्तर देणाऱ्या भाषा मॉडेललाही, विचारला जातो. भाव, भाडे, व्याज आणि काळ यांची सांगड घालावी लागत असल्याने मॉडेलच्या तर्कशक्तीची त्यात खरी कसोटी लागते. उत्तर चुकले की दोष मॉडेलला दिला जातो, पण माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा चूक प्रश्नाच्या मांडणीत असते.

पुढील हिशेबातले आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. बेदाणा ३,००० किलो, म्हणजे १५ किलोचे २०० बॉक्स. आजचा भाव किलोला १६० रुपये. चार महिन्यांनी १६९ रुपये मिळतील अशी अपेक्षा. शीतगृहाचे भाडे बॉक्समागे महिन्याला १५ रुपये. माल ठेवायचा तर तोवरच्या गरजेसाठी आजच्या किमतीइतकी रक्कम, म्हणजे ४,८०,००० रुपये, शेकडा एक रुपया व्याजाने घ्यावी लागणार.

पहिली चूक म्हणजे ‘फक्त उत्तर सांग, ठेवू की विकू?’ असे विचारणे. मॉडेल मजकूर एकेका तुकड्याने पुढे लिहीत जाते आणि आधी लिहिलेल्याच्या आधारावर पुढचे ठरवते. माणूस पाटीवर आकडेमोड करून मग उत्तर मांडतो. साध्या मॉडेलची पाटी म्हणजे त्याने लिहिलेला मजकूरच. ‘ठेवा’ हा शब्द आधी उमटला, की पुढची कारणे बहुधा त्या शब्दाची पाठराखण करण्यासाठीच येतात. २०२२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी शालेय गणिताच्या शाब्दिक उदाहरणांवर हे दाखवून दिले: पायऱ्या मांडून सोडवलेले काही नमुने आधी दिल्यावर त्यांच्या सर्वांत मोठ्या मॉडेलची अचूक उत्तरे सुमारे १८ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर गेली. म्हणून निष्कर्ष शेवटी मागावा. २०२४ पासून आलेली काही मॉडेल्स मात्र उत्तरापूर्वी स्वतःच दीर्घ विचार करतात. त्यांना ‘पायरीपायरीने विचार कर’ असे बजावण्यापेक्षा माहिती पूर्ण देणे अधिक मोलाचे ठरते.

दुसरी चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण ती आपल्याला दिसतच नाही. ‘शेकडा एक रुपया’ म्हटले की आपल्याकडे ते दरमहा, हे कोणी वेगळे सांगत नाही. मॉडेलने मात्र तो दसादशे, म्हणजे वार्षिक दर धरला, तर चार महिन्यांचे व्याज केवळ १,६०० रुपये होते. वाढीव भावाचे २७,००० रुपये, त्यातून भाड्याचे १२,००० आणि हे व्याज वजा केले की १३,४०० रुपये फायदा दिसतो आणि मॉडेल माल ठेवण्याचा सल्ला देते. प्रत्यक्षात दरमहा ४,८०० रुपयांप्रमाणे व्याज १९,२०० रुपये होते आणि माल ठेवणाऱ्याचे ४,२०० रुपये नुकसान होते. दोन्ही हिशेबांत बेरीज-वजाबाकी अचूक आहे. चुकला तो केवळ एका शब्दाचा अर्थ. त्यामुळे आकडेमोडीपूर्वी ‘प्रत्येक संख्येचे एकक आणि तू गृहीत धरलेल्या गोष्टी आधी लिही’ असे सांगावे आणि ती यादी स्वतः वाचावी.

प्रश्नात सगळा गप्पांचा मजकूर चिकटवू नये. मालाचा रंग, गेल्या वर्षीचा पाऊस, शेजाऱ्याला मिळालेला भाव असे हिशेबाशी संबंध नसलेले तपशील, विशेषतः आकडे, मॉडेलची वाट चुकवतात. मोठे गुणाकार असतील तर मॉडेलला कॅल्क्युलेटर किंवा संगणकीय कोड वापरायला सांगावे.

उत्तर मिळाल्यावर ‘नक्की का? परत बघ’ असे म्हणण्याची सवयही सोडावी. नव्याने तपासण्याजोगे काही हाती नसेल, तर मॉडेल कित्येकदा बरोबर उत्तरही बदलते, कारण आपल्या सुरातील शंकेला ते मान देते. ‘ठेवणेच फायद्याचे, बरोबर ना?’ या प्रश्नाचेही तेच होते. त्याऐवजी तोच प्रश्न नव्या संवादात, आपला कल न कळवता, तीन-चार वेळा विचारावा आणि बहुतेक वेळा येणारे उत्तर घ्यावे. अर्थात, व्याजाचा दर संदिग्धच राहिला असेल, तर चारही वेळा एकच चूक होऊ शकते. बहुमताने ती दुरुस्त होत नाही.

मॉडेलने लिहिलेल्या पायऱ्या सुबक आहेत म्हणून ते खरोखर त्याच वाटेने उत्तरापर्यंत पोहोचले असे समजू नये. पायऱ्यांचा उपयोग आपल्याला तपासणी करता यावी यासाठी.

सगळ्यांत उपयुक्त ठरतो तो उलटा प्रश्न: ‘चार महिन्यांनी किमान किती भाव मिळाला तर माल ठेवणे तोट्याचे ठरणार नाही?’ भाडे आणि व्याज मिळून ३१,२०० रुपये, म्हणजे किलोमागे १० रुपये ४० पैसे. उत्तर १७० रुपये ४० पैसे यायला हवे. ते वहीवर पडताळता येते: त्या भावाने ३,००० किलोचे ५,११,२०० रुपये होतात, आणि खर्च वजा जाता हातात बरोबर ४,८०,००० उरतात.